पंधरा हजारांचं रिव्हॉल्व्हर

बाबाजी धुरींच्या शब्दावर अबुधाबीतलं एक दुकान पंधरा वर्षं चाललं. दुकान जुन्या हत्यारांचं. वाकडे खंजीर, चांदीच्या मुठीच्या तलवारी, ठासणीच्या बंदुका आणि पोलिसांचा कागद घेऊन निकामी केलेली पिस्तुलं. मालक जमालसाहेब, ज्यांना सगळे अरबाब म्हणत. पैसा अरबाबांचा, गिऱ्हाइकं अरबाबांची. पण वस्तू अस्सल की बनावट, आणि मागितलेली किंमत रास्त की नाही, हे सांगायचं धुरींनी. मालवणकडचा हा माणूस मुंबईजवळच्या एका शस्त्रांच्या कारखान्यात बारा वर्षं फिटर होता. शिक्षण आठवी. पण मोठमोठे गोरे शौकीन त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे आणि हा पठ्ठ्या त्यांना चहा विचारायलाही विसरायचा.

त्यांची रीत ठरलेली. आधी नंबर बघायचे, सांगाड्यावरचा आणि फिरत्या चक्रीवरचा एकच आहे ना. मग चक्री कानाशी धरून फिरवायची. मग नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरायचं. उजेड नखावर पडून नळीत शिरतो आणि आतली गंजाची खाच न् खाच दिसते. सगळ्यात शेवटी पोलादाची कातडी. धुरी तिला कातडीच म्हणत. जुन्या पोलादावर पन्नास-साठ वर्षांनी तपकिरी-निळी झाक चढते, तीच त्याची किंमत. झिजलेलं चालतं, घासलेलं चालत नाही. म्हणून फोन करणाऱ्या प्रत्येकाला धुरींचं पहिलं वाक्य असे, “आहे तसं आणा. पुसू नका, घासू नका, हात लावू नका.”

हे वाक्य त्यांनी एकाच माणसाला सांगितलं नाही. हनीफभाईंना.

हनीफभाई दापोलीकडचे. तारुण्यात लाँचमधून इकडे आले आणि तेलकंपनीच्या गोदामावर तीस वर्षं पहारा केला. पहारेकरी कसा असावा, तर हनीफभाईंसारखा. बुटात तोंड दिसेल, पट्ट्याचं बक्कल लांबून चमकेल. कंपनीतला एक म्हातारा इंग्रज इंजिनिअर कायमचा मायदेशी निघाला तेव्हा आपल्या बापाचं लढाईतलं वेबली रिव्हॉल्व्हर त्याने हनीफभाईंच्या हातावर ठेवलं. पुढे पोलिसांनी त्यातली गोळी उडवणारी टोचणी काढून घेतली, कागद करून दिला, आणि ते त्यांच्या बायकोच्या, मरियमबींच्या, कपाटात लुगड्यांखाली जाऊन पडलं.

धुरी दुकानाच्या मागच्या खोलीत दरवर्षी खंडेनवमीला आपली अवजारं पूजत. कानशी, पकडी, पेचकस, वस्तू आवळून धरणारा लहान शेगडा, सगळं सकाळपासून पॉलिश पेपरने घासून चांदीसारखं लखलखीत करायचं, मग हळदकुंकू आणि झेंडू. हनीफभाई पेढ्यासाठी हटकून हजर. दोन हजार सहाला येताना ते वेबली घेऊन आले. “धुरी, हेही ठेव तुझ्या पूजेत. कुंकू लावू नको हां, मरियम मला घरात घ्यायची नाही!”

धुरींनी ते हातात घेतलं आणि पेढा बाजूला राहिला. नंबर जुळत होते. मुठीच्या मागे पलटणीचा बारीक ठसा शाबूत होता. कडा झिजलेल्या, बारीक खड्डे पडलेले, पण कातडी न घासलेली. “हनीफभाई, डोळे मिटून पंधरा हजार दिरहॅम. म्हणजे आपले दोन लाखांच्या आसपास. कधीही आणा.”

“अरे, विकायला थोडंच आणलंय! नड आली तर बघू,” हनीफभाई म्हणाले आणि समोरच्या चमकत्या कानशींवरून कौतुकाने बोट फिरवत बसले.

नड आली, आणि एकटी आली नाही. दोन हजार आठ सरता सरता दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. हनीफभाईंचा मुलगा ज्या बिल्डिंग कंपनीत होता तिने नव्या वर्षात शटर ओढलं. त्याच्या नोकरीवरच म्हाताऱ्या आईबापांचा व्हिसा, त्याच्यावरच दवाखान्याचा विमा. हनीफभाईंचा डावा डोळा आधीच गेलेला होता. मार्चमध्ये उजव्याचा पडदा सुटायला लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आठ दिवसांत ऑपरेशन, खर्च चौदा हजार दिरहॅम. नंतर आलात तर मी काही करू शकणार नाही. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात. देवाला तिथला व्हिसा मिळाला नसावा.

मरियमबींचा फोन आला. “धुरीभाई, ते कपाटातलं घेऊन शनिवारी येतो आम्ही. पंधरा बोलला होतात ना?”

“या भाभी. अरबाबांना सांगून ठेवतो.”

बस, एवढंच. पहारेकऱ्याला हत्याराचं काय शिकवायचं, असं त्यांना वाटलं. माणसाचं डोकं नेमकं तिथेच झोपतं.

शनिवारी दोघं आली. मरियमबींनी नवऱ्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. हनीफभाईंनी कोट घातला होता. मांडीवर फडक्याचं गाठोडं होतं आणि चेहरा पोरासारखा फुललेला.

“चार दिवस बसलोय, धुरी. दिसत नाही, पण बोटांना कळतं ना. हिच्याकडून पॉलिश पेपर आणवला. एकेक खड्डा घालवला. शेवटी ब्रासो. तू तुझी अवजारं घासतोस ना पूजेला, अगदी तसंच. हात फिरवून बघ.”

धुरींनी गाठोडं सोडलं. आतून पांढरं, गुळगुळीत, स्टीलच्या वाटीसारखं काहीतरी निघालं. पलटणीचा ठसा पुसून गेला होता. नंबरातला एक आकडा नुसता डाग होऊन उरला होता. कडा गोल झाल्या होत्या. पंधरा हजार त्या फडक्यावर भुकटी होऊन पडले होते.

“कसं झालंय?”

“छान,” धुरी म्हणाले. “अगदी गुळगुळीत. बसा, मी आत दाखवून येतो.”

आतल्या खोलीत अरबाबांनी वस्तू एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली. ते धुरींशी हिंदीतच बोलत. “ये किसने मारा?”

“उसको मालूम नहीं, अरबाब. बोलना मत.”

“तुम बोलो. कितना?”

आता खरा प्रश्न इथे होता. धुरींनी पंधरा म्हटलं असतं तर अरबाबांनी पंधरा मोजले असते. इतक्या वर्षांत त्यांनी धुरींचा आकडा कधी फिरवला नव्हता. पण महिनाभर दुकानात कुत्रं फिरकलं नव्हतं, बाजूचं गालिच्यांचं दुकान बंद पडलं होतं, आणि हे घासलेलं लोखंड कुणी मातीमोलानेही घेणार नव्हतं. आकडा खोटा सांगायचा म्हणजे अरबाबांच्या खिशात हात घालायचा. खरा सांगायचा म्हणजे बाहेरच्या माणसाच्या डोळ्यात बोट घालायचं. धुरींनी वेबली उचललं, सवयीने नळीच्या तोंडाशी नख धरलं, आत पाहिलं. नळी सुंदर होती. त्यांना रडू कोसळलं.

“पंद्रह सौ,” ते म्हणाले.

अरबाबांनी गल्ला उघडला. मग त्यांनी पाच हजार काढले. “डेढ़ इसका, साढ़े तीन तुम्हारे दोस्त के लिए. बाकी मेरे पास नहीं है, बाबाजी. वल्ला, नहीं है.” पंधराशेच्या जागी पाच. मंदीत एवढं कोण करतं? धुरींनी स्वतःच्या पाकिटातले अकराशे त्यात घातले. गावी पाठवून एवढेच उरले होते. तरी जवळजवळ आठ हजार कमीच पडत होते.

बाहेर येऊन त्यांनी नोटा मरियमबींच्या हातात दिल्या. बोटांनी मोजून त्यांचा चेहरा उतरला. “एकसष्टशे?”

हनीफभाई उठून उभे राहिले. “तू स्वतः पंधरा बोलला होतास.”

“मंदी आहे, हनीफभाई. भाव पडलेत.”

“भाव एवढा पडतो? निम्म्याच्याही खाली? खड्डे होते तेव्हा पंधरा, आणि आता आरशासारखं केलं तर सहा?”

मरियमबींनी धुरींकडे पाहिलं. दबक्या आवाजात त्यांनी विचारलं, “भाई, घासल्यामुळे तर नाही ना? पेपर मीच आणून दिला.”

“नाही भाभी. घासण्याने काही होत नाही. मंदीच आहे.”

“अरबाची चाकरी करून अरबाचाच झालास, धुरी,” हनीफभाई म्हणाले. “गिधाड झालास.” चाचपडत त्यांनी दार शोधलं. धुरींनी हात पुढे केला, तो त्यांनी झटकला.

डॉक्टरांनी उरलेल्या पैशांसाठी थांबायला नकार दिला. त्याच आठवड्यात त्या पैशांची विमानाची तिकिटं निघाली. मुंबईच्या सरकारी इस्पितळात नंबर लागला तेव्हा पाचवा आठवडा चालू होता. डॉक्टरांनी डोळा तपासला आणि ऑपरेशनच्या यादीतून नाव काढून टाकलं.

दोन हजार अकराला अरबाबांनी दुकान आवरलं. वेबली तोवर काचेच्या कपाटात तसंच पडलेलं होतं. किंमत विचारणाराही कुणी भेटला नव्हता. धुरी कायमचे गावी आले, आणि पहिल्याच महिन्यात एस.टी.ने दापोलीला गेले. मनाशी ठरवून गेले होते, की आता तरी खरं सांगून टाकायचं. अडीच वर्षं गिधाड म्हणून जगणं सोपं नसतं.

हनीफभाई ओटीवर बसले होते. हडकले होते. हाताला चाळा म्हणून एक पितळी तांब्या घेऊन फडक्याने पुसत होते, आणि तांब्या झळझळत होता. मरियमबी दारातच थबकल्या.

“कोण? धुरी?” पावलांवरूनच हनीफभाईंनी ओळखलं. “ये. एकच विचारायचं होतं तुला. चार दिवस खपलो होतो मी त्याच्यावर. जन्मात तसं काम केलं नव्हतं. किती कमावलंस त्यात? खरं सांग.”

धुरींनी त्या हातांकडे पाहिलं. तांब्यावर ते अजून फिरत होते.

“नऊ हजार,” धुरी म्हणाले. “गोऱ्याने बघताक्षणी पंधराला उचललं.”

“बघितलंस, मरियम?” हनीफभाईंचा चेहरा उजळला. “मी सांगत होतो ना, माझ्या हातात खोट नव्हती.” मग ते धुरींच्या दिशेने थुंकले, आणि पुन्हा तांब्या पुसू लागले.