शिशाच्या कढईत भाजलेली मशेरी

"ही मशेरी तुमच्याशिवाय आणखी कोण लावतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी खिडकीकडे बघत होते. उजवा हात मांडीवर पालथा पडला होता, माझा नसल्यासारखा. मी म्हणाले, "माझी आई."

त्यांचं पेन थांबलं. पाचच मिनिटांपूर्वी त्यांनी मला माझ्या आजाराचं नाव सांगितलं होतं, लेड पॉयझनिंग. लेड म्हणजे शिसं. ते थोडं थोडं अंगात जाऊन साठतं आणि रक्त, पोट, नसा, सगळ्यांनाच बाधतं. नाव ऐकून मला काही वाटलं नव्हतं. आता मात्र आठवलं, की तिकडे रोह्याला आई वर्षभर पोट धरून बसते आहे आणि आम्ही सगळे म्हणतो आहोत, वय झालं.

"आईंना इथे घेऊन या," त्या म्हणाल्या. "आणि त्यांच्याकडची डबी आजच्या आज काढून घ्या."

तेव्हा रडू यायला हवं होतं. आलं नाही. पुढे बरेच दिवस आलं नाही.

रोह्याच्या पुढे नव्या रेल्वेचे रूळ पडत होते, त्या वर्षांतली ही हकीकत. आमच्यासारखं काम ज्यांच्या घरात चालतं त्यांच्यासाठी लिहिते आहे. शहाणपणा शिकवावा एवढी मी शहाणी नाही, नाहीतर ही वेळच आली नसती.

आमचं गाव पेण तालुक्यात, धरमतरच्या खाडीला लागून. आमचे हे पागाने मासे मारतात. पाग म्हणजे हाताने फेकायचं जाळं. त्याच्या घेराला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात, म्हणून ते तळाला बसतं. ह्या गोळ्या आम्ही घरीच ओतायचो आणि आजूबाजूच्या गावांना द्यायचो. पुढे हौसेने गळ टाकणारे मुंबईचे लोक यायला लागले. त्यांना आकडा बसवलेला शिशाचा मासा लागायचा. त्याला ते जिग म्हणायचे. ह्यांनी पेणच्या गणपतीच्या कारखान्यातून प्लास्टर आणून त्याचा साचा केला. मासा असा झकास निघाला की एकाने तर विचारलं, इंग्लंडहून आणला का?

ओतायचं काम ह्यांचं आणि कढई माझी. बिडाची जाड कढई होती. शिसं यायचं भंगारवाल्याकडून, जुन्या बॅटरीच्या प्लेटा आणि नळ्यांचे तुकडे. ते वितळलं की वर करडी साय धरते. ती झाऱ्याने काढायची. मेणबत्तीचा तुकडा टाकला की उरलेला मळ वर येतो, तोही काढायचा. कढईत पाण्याचा थेंब राहिला तर शिसं तडतडून अंगावर उडतं, म्हणून आधी ती कोरडी तापवून घ्यायची. काम संपलं की शिसं ओतून काढायचं आणि कडेला धरलेली पिवळट खरपुडी विटेच्या तुकड्याने घासून पाडायची. साचा बिघडला तर ह्यांना बोलणी बसायची, शिसं मळकट निघालं तर मला. मला कधी बसली नाहीत.

आता चूक सांगते. शिसं काढून कढई घासली तरी ती बराच वेळ तापलेली राहते. फुकट जाणारा विस्तव बघून माझा जीव कळवळायचा. म्हणून मी तिच्यात तंबाखू भाजायची. बिडाच्या भांड्यात तंबाखू एकसारखी भाजते, करपत नाही. मग ती चुरडून, फडक्यातून गाळून मशेरी करायची. सकाळी आणि दुपारी मी ती दाताला लावायची. दर महिन्याला एक डबी आईला पाठवायची. आई रोह्याला नदीकडच्या आळीत एकटी राहायची आणि माझ्या मशेरीशिवाय दुसरी तोंडात घालायची नाही.

पहिलं लक्षण पोटाचं. बेंबीभोवती पीळ पडायचा आणि चार-चार दिवस शौचाला व्हायचं नाही. शेजारणीला वाटलं, दिवस गेले असतील. तसं काही नव्हतं. पेणच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. मग रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला लालपणा, फार कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि शौचाचे आणखीच हाल झाले.

एकदा त्यांनी तोंड उघडायला लावलं. हिरड्या काळ्या पडलेल्या होत्या. "ही मशेरी आधी सोडा," ते म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. आमच्याकडच्या निम्म्या बायकांच्या हिरड्या तशाच असतात, काळ्यात काळं कोणाला दिसणार? मी चिडले, पण सोडली. सकाळी पेस्ट लावायला लागले. आईला मात्र डबी जात राहिली, कारण भाजून ठेवलेली भरपूर होती आणि टाकून देणं माझ्या स्वभावात नाही.

मशेरी सोडून महिना झाला असेल. सकाळी तांदळाची भाकरी थापायला बसले आणि उजवा पंजा उचलेना. मनगटापासून खाली लोंबायला लागला. दुखत नव्हतं. मी डाव्या हाताने तो उचलून पिठावर ठेवला, तो पुन्हा पडला. असं तीन-चारदा केलं. मग चूल विझवली आणि ह्यांना हाक मारली.

ह्याला रिस्ट ड्रॉप म्हणतात, म्हणजे मनगट वर उचलणाऱ्या नसेने काम सोडणं. गावात सगळे लकवाच म्हणाले. पेणहून चिठ्ठी मिळाली आणि ह्यांनी मला मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथे तीन दिवस बाकांवर गेले. एका खोलीत नसांना विजेचे बारीक झटके देऊन बघतात, ती तपासणी झाली. एका खिडकीवर रक्त घेतलं. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, उद्या या. माझ्या शेजारी एक बाई आपल्या आजाराबद्दल सारखी बोलत होती. मी हूं हूं करत होते. तिला काय झालं होतं ते आज सांगता येणार नाही.

चौथ्या दिवशी ह्या डॉक्टरीणबाई आल्या. वयाने लहानच होत्या. त्यांनी माझा ओठ खाली ओढला आणि बॅटरी मारली. मशेरी सुटल्याने हिरड्यांचा काळपटपणा उतरला होता, आणि दातांच्या कडेने निळसर रेघ उरली होती. त्यांनी आणखी दोन डॉक्टरांना बोलावून ती दाखवली. रक्ताच्या काचपट्टीवरही तांबड्या पेशींत निळे ठिपके दिसले होते.

पेणची म्हटल्यावर मूर्तींच्या रंगातल्या शिशाचा संशय येऊन त्यांनी विचारलं, "मूर्ती रंगवता का?"

"नाय."

"मग घरी काय काम करता?"

"कढई घासते," मी म्हणाले.

मग एकातून एक प्रश्न निघत गेले. कढई कसली, तिच्यात आणखी काय करता, तोंडात काय जातं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी घरून मशेरीची डबी आणून त्यांच्या हातात दिली. त्यानंतरचं वर सांगितलंच आहे.

आईला आणायला हे गेले. ती पॅसेंजरने आली, काठी टेकत. वर्षभरात तिचे गाल बसले होते. ते मला आधीही दिसले होते, पण लक्ष दिलं नव्हतं. तिच्या रक्तातलं शिसं माझ्याहून जास्त निघालं. मी मशेरी सोडली होती, ती लावतच होती. तिची किडनी, म्हणजे मूत्रपिंड, थोडी दुखावली होती. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "तुम्ही तरुण आहात, निभावून न्याल. आईंचं आत्ताच काही सांगता येणार नाही."

तिला माझ्यापासून दोन खाटा सोडून जागा मिळाली. मधल्या खाटांवरून आम्ही एकमेकींकडे बघायचो.

तिला सांगायचं कोणी? मीच सांगितलं. शिसं, कढई, तंबाखू, सगळं ओळीने सांगितलं, भाजी कशी केली ते सांगावं तसं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तरीच ती गोड लागायची. मला वाटला, तुझ्या हाताला गोडी हाय गो."

शिशाच्या मळाला किंचित गोडसर चव असते, असं नंतर डॉक्टरीणबाईंकडून कळलं. ते मी आईला सांगितलं नाही.

उपचाराला चिलेशन म्हणतात. सलाइनमधून एक औषध देतात. ते अंगातल्या शिशाला धरतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. पाच दिवस औषध, मग थांबायचं, रक्त बघायचं, पुन्हा औषध. नंतर गोळ्या. दिवसभराची लघवी बाटलीत साठवावी लागायची. माझी बाटली आणि आईची बाटली खिडकीत शेजारी शेजारी असायच्या आणि सिस्टर लेबलं बघून घ्यायच्या. मनगटाला स्प्लिंट बांधली होती, म्हणजे पंजा वर धरून ठेवणारी पट्टी. रोज व्यायाम करायचा, टेबलाच्या कडेला हात ठेवून पंजा उचलायचा. पंधरा दिवस मी मनाने उचलत होते आणि पंजा जागचा हलत नव्हता.

वाईट वाटत होतं का, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर नाही असंच आहे. जेवण आलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. आई मेली तर ती माझ्या डबीने मेली, हे वाक्य मला येत होतं, पण पाढ्यासारखं. त्याच्या मागे काही नव्हतं. तुमच्यावर अशी वेळ आली आणि काहीच वाटलं नाही, तर स्वतःला दगड समजू नका. ते मागाहून येतं.

आई वाचली. दोन महिन्यांनी तिचा पीळ थांबला आणि ती जेवायला लागली. किडनी पूर्ण सुधारणार नव्हती, पथ्य कायमचं होतं. तिला रोह्याला सोडून मी घरी आले. ह्यांनी तोवर कढई घरातून हलवून लांब खाडीच्या बांधावर नेली होती. ते आता वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून ओततात आणि ते कपडे बाहेरच धुऊन मगच उंबरठा ओलांडतात. ओतणं बंद करा, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. ते आम्हाला जमलं नाही, हेही लिहून ठेवते.

महिन्याभराने आईला बघायला गेले. आळीत शिरतानाच एकीने विचारलं, "तुझ्या आयशीला इहिरीचा पानी बाधला म्हनं?"

मी कोड्यात पडले. तेवढ्यात तिने कनवटीची डबी काढली आणि बोटाने मशेरी लावायला लागली. पत्र्याची, हिरव्या झाकणाची डबी. तशा डब्या मी पेणच्या बाजारातून घ्यायची. आई माझ्या मशेरीची इतकी तारीफ करायची, की अख्ख्या आळीला तिने ती वाटली होती.

मी घरात जाऊन आईला विचारलं, लोकांना विहिरीचं काय सांगितलंस?

ती तांदूळ निवडत होती. "कुनाला सांगू नको. लोकं तुला नावं ठेवतील. पोरीनं आयशीला इख घातला म्हनतील."

"आई, त्या अजून लावतात."

"मी झाली ना बरी? त्या पन होतील. तू गप बस."

आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं ऐकलं नाही. बाहेर पडले आणि पहिल्या दारापासून सुरुवात केली. आळीत आईचं सोडून पाच घरं होती. प्रत्येक दारात तेच सांगितलं, की आईचा आजार विहिरीचा नाही, माझ्या मशेरीचा आहे, ती मी शिशाच्या कढईत भाजत होते, ती डबी मला परत द्या आणि दवाखान्यात जाऊन रक्त दाखवा. एकीने डबी अंगणात फेकली. एकीने सुनेला आत घेऊन दार लावलं आणि डबी खिडकीतून दिली. दोघींनी आतून डबी आणून माझ्या हातावर ठेवली.

शेवटचं घर गंगूआत्याचं, आळीतली सर्वांत म्हातारी. तिने ऐकलं, पण डबी मुठीतच ठेवली. म्हणाली, "येवढी वर्सं लावतंय, मला काय झाला? आनी तुला काय झाला ता तरी दाखव."

मी स्प्लिंट सोडली आणि हात पुढे केला. पंजा खाली पडला. मग मी तो उचलला. निम्मा आला, थरथरला, पुन्हा पडला.  आत्याने डबी माझ्या डाव्या हातात दिली आणि मला आत बसवून चहा टाकला. उजव्या हाताने कप धरवेना आणि डावा डब्यांनी भरलेला. तेव्हा तिने बशीत चहा ओतून ती माझ्या ओठाला लावली, आणि माझा बांध फुटला. गंगूआत्याने बशी हलू दिली नाही. बाहेर दारात आई येऊन उभी होती. ती आत आली, माझ्या हातातल्या डब्या तिने आपल्या ओच्यात घेतल्या आणि आत्याला म्हणाली, "व्हय, ती बोलतंय ता खरा हाय. मीच खोटी बोलली."