एका पॅचमध्ये एकच काम

माझे भावोजी फाइलसिस्टीमचे राखणदार आहेत. हे कुणाला सांगितलं की लोक आधी आदरानं मान हलवतात आणि मग हळूच विचारतात, "म्हणजे सरकारी का?"

म्हणून थोडा खुलासा. आपण संगणकावर काहीबाही लिहितो, ते जतन करतो आणि निश्चिंत मनानं चहाला उठतो. ते लिहिलेलं डिस्कवर नेमकं कुठे ठेवायचं आणि मागितल्यावर तेच काढून द्यायचं, दुसरंच काहीतरी नाही, हे पाहणारा संगणकाच्या पोटातला कोठीवाला म्हणजे फाइलसिस्टीम. भावोजींचा कोठीवाला जगभर फुकट वापरतात आणि त्यात सुधारणा कुणीही सुचवू शकतं. अशा छोट्या बदलाला पॅच म्हणतात. तो मेलनं येतो, सगळ्यांना वाचता येईल अशा मेलिंग लिस्टवर. भावोजी तो वाचतात आणि परत पाठवतात. खरं म्हणजे 'वाचतात आणि तपासतात' असं लिहायला हवं, पण मी त्यांच्या घरी बराच बसलेला माणूस आहे.

लिस्टवरची मंडळी त्यांना 'चाळण' म्हणतात. त्यांच्या नियमाप्रमाणे कोडची ओळ ऐंशी अक्षरांपुढे जायची नाही. ओळीच्या शेवटी रिकामी जागा सोडायची नाही. ही जागा कुणालाच दिसत नाही, भावोजींना दिसते. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, एका पॅचमध्ये एकच काम. उद्या काही बिघडलं तर नेमका तेवढाच बदल उपटून काढता यावा, एवढाच त्यामागचा हेतू. नियम शहाणा आहे. पण भावोजींनी तो घरातही लागू केला, आणि घरात आल्यावर त्याचं शहाणपण जरा पातळ झालं. ताई म्हणाली, "बाजारात जाताय तर येताना प्लंबरला सांगून या," की हे म्हणतात, "ही दोन कामं झाली." मग बाजारातून येतात, पिशवी ओट्यावर ठेवतात आणि पुन्हा चपला चढवून प्लंबरकडे निघतात. वाटेत प्लंबरचंच दुकान लागतं, हे सांगून काही उपयोग नाही.

तर अशा या घरात माझ्या भाचीनं एका संध्याकाळी तिच्या पसंतीच्या मुलाला आणलं. मुलगा उंच, सडपातळ, कुठल्याशा कंपनीत प्रोग्रामर. सोफ्याच्या अगदी कडेला बसलेला, जणू कुठल्याही क्षणी त्याला तिथून काढून टाकणार होते.

"सर, मी तुम्हाला ओळखतो," तो म्हणाला.

"काका म्हण रे," ताई म्हणाली.

"काका, माझा पॅच आहे तुमच्याकडे. फाइल जतन करताना लागणारा वेळ कमी करणारा."

भावोजींचा कप हवेतच थांबला. "तो? सहावी आवृत्ती?"

"सातवी."

"सातवी मी अजून वाचलेली नाही. सहावीत पुष्कळ घाण होती."

"बाबा!" भाची म्हणाली.

मुलगा गेल्यावर ताईनं विचारलं, "कसा वाटला?" भावोजींनी क्षणभरही वेळ न घेता सांगितलं, "मुलगा चांगला आहे. पॅच नाही."

लग्न चहाच्या एका कपात मंजूर झालं. पॅचचं तसं झालं नाही.

त्या पॅचमध्ये मुलानं दोन गोष्टी केल्या होत्या. पूर्वी फाइल जतन करताना मजकूर डिस्कवर पोहोचेपर्यंत कोठीवाला फार वेळ थांबायचा, नको त्या गोष्टींसाठीही थांबायचा. मुलानं ते थांबणं काढलं आणि त्या जागी नेमक्या ठिकाणी जेमतेम लागेल तेवढंच थांबणं घातलं. भावोजींनी सातव्या आवृत्तीला उत्तर दिलं: काढणं हे एक काम, घालणं हे दुसरं. दोन पॅच करा.

मुलानं दोन पॅच केले. काढण्याचा पॅच इतका स्वच्छ निघाला की भावोजींनी तो आनंदानं मंजूर केला. घालण्याच्या पॅचमध्ये एक ओळ एक्क्याऐंशी अक्षरांची होती, सोबतची टीपही त्यांना अघळपघळ वाटली. तो परत गेला. म्हणजे पाडकाम मंजूर आणि बांधकाम प्रलंबित. आणि एवढ्यात कोठीवाल्याची नवी आवृत्ती जगात निघून गेली, मजकूर पोहोचेपर्यंत अजिबात न थांबणारी.

पुढचं सांगायला इंजिनिअर लागत नाही. एका छापखान्यात वीज गेली. आली तेव्हा फायली जागच्या जागी होत्या, नावं शाबूत होती आणि आत काही नव्हतं. छापखाना नेमका मुलाच्या कंपनीचा ग्राहक. बदलावर नाव मुलाचं. लिस्टवर लोकांनी त्याला धारेवर धरलं. नोकरीत तो अजून कायम झाला नव्हता, आणि साहेबानं सांगितलं, सोमवारी येऊन खुलासा कर, मग ठरवू.

भाची माझ्याकडे आली. "मामा, तो काहीच बोलत नाहीये. सासऱ्यांकडे बोट कसं दाखवायचं म्हणतो."

"अगं, अजून सासरे कुठे झालेत?"

"तेच तर. झाल्यावर बिनधास्त दाखवेल. आत्ता नोकरी जाईल ना त्याची."

मी ताईच्या घरी गेलो. भावोजी पडद्यासमोर बसले होते. दाढी वाढलेली. त्यांना सगळं कळलं होतं आणि त्यांनी लिस्टवर पाठवायचं मेलही लिहून ठेवलं होतं. चांगलं लांबलचक. ताई त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचत होती.

"यात चूक कुणाची ते कुठाय?" तिनं विचारलं.

"आहे की. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात."

"वर घ्या."

"आधी पार्श्वभूमी द्यायची पद्धत असते."

"पार्श्वभूमी गेली खड्ड्यात. त्या पोराची नोकरी चाललीये."

भावोजींनी परिच्छेद वर घेतला. ताई पुन्हा वाकली. "'प्रक्रियेत त्रुटी राहून गेली.' कोण ही प्रक्रिया? आपल्याकडे राहते का?"

"मग काय लिहू?"

"'मी' लिहा."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी लिस्टवर जगातल्या बहुतेक सगळ्या चुका दाखवल्या होत्या, पण हा शब्द चुकीच्या शेजारी बसवण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. बोटं कीबोर्डवर गेली, परत आली, चष्मा पुसला गेला, पुन्हा गेली. ताई हलली नाही. चौथ्यांदा तिनं मेल परत केलं तेव्हा त्यात एवढंच उरलं होतं: 'हे दोन बदल एकत्रच राहायला हवे होते. वेगळे करायला मी सांगितलं. एक घेऊन दुसरा अडवला तोही मीच. पाठवणाऱ्याचा यात काही दोष नाही.'

"आता पाठवा," ताई म्हणाली.

त्यांनी ते पाठवलं. मग मुलाचा अडकलेला पॅच उघडला आणि त्या लांब ओळीकडे न बघता तसाच मंजूर केला. न बघण्यासाठी त्यांनी खरोखर मान वळवली होती, मी पाहिलं.

 लिस्टवर एका सज्जनानं काळजीनं विचारलं की राखणदारांच्या खात्यात कुणी घुसलंय का.

मुलाच्या साहेबानं ते मेल वाचलं. सोमवारी खुलासा द्यायची वेळच आली नाही, आणि महिनाअखेरीस मुलगा कायम झाला. त्या रविवारी तो घरी आला, या खेपेला सोफ्यावर बऱ्यापैकी मागे टेकून बसला. भावोजींनी घसा साफ केला.

"एक विचारू? एकाशिवाय दुसरा धोक्याचा आहे, हे तुला ठाऊक होतं ना?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, काका. तुम्ही त्या मेलमधला स्वल्पविराम दुरुस्त करून पाठवलात."

ताई स्वयंपाकघरात गेली. तिचं हसणं ऐकू येत होतं. 

"पुढच्या वेळी ओरड," भावोजी म्हणाले.

"लिस्टवर ओरडलेलं चालत नाही. नियम आहे. तुम्हीच घातलाय."

 भावोजींना नियम मोडायचा तर होता, पण लिस्टवर नको होता.

"मग घरी ये," ते म्हणाले, "आणि इथे ओरड."