जॉबर महादूच्या कानातली शिट्टी

कापड विणायचा लूम बिघडला की दुरुस्त करतो तो जॉबर. पण महादूचं म्हणणं असं, की बिघडल्यावर दुरुस्त कुणीही करील. खरा जॉबर तो, ज्याला आधी कळतं. नारपोलीच्या ज्या कारखान्यात तो कामाला होता, तिथे चोवीस लूम एकदम चालत. शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागे. त्या कल्लोळात महादू दारातच मान तिरकी करायचा आणि सात बोटं दाखवायचा. सात नंबरच्या लूमचा पट्टा सुटायच्या बेतात असायचा. एकतीस वर्षं हे चाललं. महादूला स्वतःच्या कानाचा भयंकर अभिमान होता आणि तो लपवायची तसदी त्याने कधी घेतली नाही.

काम सोडून तो खारबावला घरी बसला, आणि तिसऱ्या दिवशी त्याला शिट्टी ऐकू आली. बारीक, एका सुरात, न थांबणारी. कुठलं तरी यंत्र बिघडलंय हे उघडच होतं. त्याने पंखा उतरवून ग्रीस भरलं. फ्रिजची पाठ खोलली. तेव्हापासून त्यात दुधाचा बर्फ होतो. मग त्याने शेजारच्या बाळारामच्या विहिरीवरचा पंप न विचारता उघडला. पंप चार दिवस बंदच आहे, असं बाळारामने सांगितलं.

"बंद असून येवढा वाजतो," महादू म्हणाला, "चालू झाल्यावर काय करंल?"

शेवटी बिघाड सापडला तो त्याच्या बायकोला. गोदूबाईने त्याच्या दोन्ही कानांवर तळवे दाबले आणि विचारलं, "आता?"

"आता जास्त."

"मंग ते आत हाय. माजा फ्रिज सोडा."

भिवंडीतल्या कानाच्या डॉक्टर मृणाली वयाने महादूच्या सुनेएवढ्या असतील. त्यांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून आवाज ऐकवले. बरेचसे त्याला आलेच नाहीत. लूमच्या गोंगाटाने कानाच्या आतल्या नाजूक पेशी मेल्यात, असं त्यांनी सांगितलं. कानाकडून यायचा तो आवाज येत नाही, म्हणून मेंदू स्वतःच वाजवतो.

"पण काका, अशी शिट्टी पुष्कळांना असते. काही जण ती विसरून जेवतात, झोपतात. तुम्हाला का नाही जमत, ते बघायला हवं." मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, त्या सांगू लागल्या. भीती, धोका हे त्याचं खातं. कुठला आवाज सोडून द्यायचा आणि कुठल्या आवाजाला दचकायचं, हे ठरवण्यात त्याचा मोठा हात. एकदा त्याने आवाजाला धोका मानलं, की मेंदू कान टवकारून तोच ऐकतो. ऐकला की भीती वाढते, भीती वाढली की आणखी ऐकू येतो. "ही शिट्टी ऐकल्यावर काय होईल असं वाटतं तुम्हाला?"

महादूला हा प्रश्न बावळट वाटला. उत्तर मात्र तोंडातून निघून गेलं.

"कुणाचा तरी डोळा जाईल."

"कुणाचा?"

"मोरूचा. गेला."

मोरू अकरा नंबरच्या लूमवरचा कारीगर. तीन वर्षांपूर्वी आडवा धागा नेणारा धोटा लूममधून उडाला आणि त्याच्या डाव्या डोळ्यात बसला. हे शेजारी बसलेल्या गोदूबाईला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते महादूने आता टेबलाकडे बघत सांगितलं. त्याच्या आधी वर्षभर त्याला बारीक आवाज येईनासे झाले होते. जॉबरचा कान गेला म्हटल्यावर त्याला ठेवतो कोण? तो रोज दारात उभा राहून मान तिरकी करत होता आणि अंदाजाने बोटं दाखवत होता. त्या दिवशी त्याने अकरा नंबर दाखवला नाही.

डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र लिहून दिलं. झोपताना रेडिओ हळू लावून ठेवा म्हणाल्या, आणि अशा भीतीवर बोलून उपचार करणाऱ्या बाईंचा पत्ता दिला. गोदूबाईने कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

"त्या बाईंकडं जाऊ," ती बाहेर येऊन म्हणाली. "आदी मोरूकडं जा."

मोरू आता एका गोदामाच्या फाटकावर बसतो. आत जाणाऱ्या ट्रकचे नंबर लिहितो; एक डोळा त्याला पुरतो. महादूने खुर्ची ओढली नाही. उभ्यानेच, कारखान्यातल्या सवयीने, आवाज न काढता नुसते ओठ हलवून सगळं सांगितलं. इथे लूम नव्हते, पण मोरूने ओठ वाचले.

"मना ऐकू आलेला तो आवाज," मोरू म्हणाला. "खट्ट-खट्ट मधी काहीतरी घासत व्हतं. लूम बंद करनार व्हतो. मंग वाटलं, महादू दारात हाय. काय असंल तर तो सांगंल."

महादूचे डोळे भरून आले. तिथेच, फाटकावर, ट्रकवाल्यांच्या देखत तो रडला. मोरूने एक नंबर लिहून घेतला.

"दोन वरसं रोज शिव्या दिल्या मी तुला," तो म्हणाला. "मंग कंटाळा आला. पन माजी बायको सीताबाई अजून देते. आता माजी सुट्टी झाली. चल, तिला तूच सांग."

चाळ मागच्याच गल्लीत होती. वाटेत शिट्टी वाजत असणारच, पण महादूचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याला सीताबाईची भीती वाटत होती. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. त्याला बघून तिने सूप खाली ठेवलं.

महादूने चपलाही काढल्या नाहीत. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला आपला आवाज केवढा निघतो ते कळत नाही. "मना ऐकू येत नव्हतं, वैनी, आनि मी ते लपवलं," हे सीताबाईच्या आधी वरच्या मजल्यावरच्या बायांनी ऐकलं. त्या कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या; चार वर्षं लपवलेलं आता सगळ्या चाळीला ठाऊक झालं होतं.