बाराव्या दिवसाचं व्हिनेगर

दक्षिण चीनमधल्या शुंडेतल्या कालव्याकाठच्या त्या गल्लीत बाळंतिणीचं गोड व्हिनेगर करावं ते युत-मेईनंच. आलं जून हवं, ठेचून कोरड्या कढईत परतलेलं. भांडं मातीचंच, धातूचं घेतलंत की व्हिनेगर ते खातं, मग बसा बोंबलत. त्यात डुकराचे पाय आणि अंडी शिजली की हाडांचा कस रशात उतरतो, आल्यानं अंगात शिरलेला वारा निघतो, गेलेलं रक्त भरून येतं. चाळीस वर्षं तिनं लोकांच्या लेकीसुनांना हे खाऊ घातलं. बाराव्या दिवशी बाळंतिणीला वाटी, आणि शेजारीपाजारीही एकेक. वाटी घरात आली की समजायचं, पोर आलं.

या खेपेस मडकं तिच्याच सुनेसाठी, हिन-यीसाठी होतं. महिनाभर आधीपासून आलं व्हिनेगरात मुरत होतं, वास गल्लीभर. आणि हिन-यीचं बाळ मेलेलंच जन्मलं.

"आई, ओतून टाक ते," मुलगा वाय-खुन म्हणाला. "काय तोंडानं वाट्या वाटणार आहेस?"

शेजारची टामकाकूही दारातून म्हणाली, "पोर नाही तर व्हिनेगर कसलं? अपशकुन आहे, बाई."

"पोर नाही म्हणून बाळंतीण नाही का गं?" युत-मेई तडकली. "वाटणार नाहीच मी. पण ती खाणार."

ती मात्र खाईना. अकरा दिवस पेजेवर काढले. चेहरा पांढराफटक, दोन पायऱ्या चढली की धाप. अशीच राहिली तर सूनही हातची जाईल, या धास्तीनं म्हातारी रात्री उठून उठून तिला बघून यायची. बाराव्या दिवशी तिनं वाटी नेली, तर हिन-यीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मला कशाला हे? मी कुणाची आई?"

युत-मेई खाटेच्या कडेला बसली. "वाय-खुनच्या आधी माझी एक मुलगी गेली. अशीच, पोटातच. सासूनं सगळं मडकं नालीत ओतलं, माझ्यासमोर. मी तोंडातून ब्र काढला नाही. तेव्हा गुडघ्यात शिरलेला वारा अजून निघाला नाही. लोक म्हणतात, म्हातारपण. कसलं म्हातारपण? चोवीस वर्षांची होते मी."

मग हिन-यी उठून बसली. "नाव ठेवलं होतं?"

"ठेवू दिलं नाही."

हिन-यीनं वाटी ओढली. रडत रडत अर्धी संपवली आणि पुढे केली.

"हे तुमचं."

"वेडी का गं? बेचाळीस वर्षं झाली."

"झाली असतील. तुमचं राहिलंय."

युत-मेईनं वाटी घेतली. तळाशी अंडं होतं, तेही तिनं खाल्लं.