पाठीवरची ज्वारी

स्टेशनजवळ मिलिटरी डिस्पोजलचं एक दुकान आहे. तिथून मी जाड हिरव्या कॅनव्हासची सॅक आणि एक नंबर मोठे बूट घेतले. माझ्या मापाचे बूट त्यांच्याकडे नव्हते. पण दुकानदारानं चार जोड काढून दाखवल्यावर काहीच न घेता बाहेर कसं पडायचं, ते मला कळलं नाही.

पाठीवर ठरलेलं वजन घेऊन लांब चालायचं, याला रकिंग म्हणतात. मोडनिंबहून सोलापूरच्या दिशेनं चाळीस किलोमीटर, पंधरा किलो वजन, दहा तास, अशा एका स्पर्धेत मी नाव दिलं होतं. तयारीला दोन महिने होते. घरात सांगितलं नव्हतं. नको म्हणतील याची भीती नव्हती. का, असं विचारतील याची होती. त्याचं उत्तर माझ्याकडे इंग्रजीतही नव्हतं.

वजनासाठी तीन पिशव्यांत पाच-पाच किलो ज्वारी भरली. ती तळाला जाऊन कंबरेवर आदळायची, म्हणून खाली जुनी चादर घडी करून ठेवली. सकाळी सहाला शुक्रवार पेठेतून निघायचं, दोन तास चालून परत यायचं, मग एम.कॉम.च्या तासाला जायचं.

चौथ्या दिवशी गल्लीतल्या काकांनी स्कूटर थांबवली. ते पप्पांचे जुने मित्र.

"काय गं, पाठीवर एवढं काय?"

"पुस्तकं."

"निघालीस कुठं?"

"लायब्ररीत."

"बस."

मी बसले. लायब्ररीला कुलूप होतं. "उघडंपर्यंत थांबतो की, एकटी कुठं उभी राहतीस," म्हणाले आणि शिपाई येईपर्यंत खरंच थांबले. त्यानंतर मी तीनदा रस्ता बदलला. तिन्ही वेळा ते भेटले. "इकडून कुठं? चुकलीस काय?" मग पुढं सरकून मागं जागा करायचे आणि मी बसायचे.

एका संध्याकाळी ते घरी आले. मी आतल्या खोलीत होते. "पोरगी हमालासारखी पुस्तकं वाहतीय," ते पप्पांना म्हणाले, "आन् तू गाडीवर फिरतोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सॅकवर स्कूटरची किल्ली होती. पप्पा डबा घेऊन चालत निघून गेले होते. अक्कलकोट रोडला चादरींच्या कारखान्यात ते पॅकिंग बघतात. चालत तास लागतो. मी स्कूटर घेऊन त्यांना गाठलं.

"पप्पा, बसा."

"उलट्या दिशेला हाय तुझी लायब्ररी. जा, अभ्यास कर."

मी गेले. सॅक पायाशी ठेवून रोज खरोखरच लायब्ररीत जाऊन बसू लागले. चालणं फक्त रविवारी व्हायचं. असे तीन आठवडे गेले. संध्याकाळी पप्पा बादलीत गरम पाणी घेऊन पाय बुडवून बसायचे, आणि मी तिथून जाताना खाली बघायचे नाही.

शेवटी एकदा त्या बादलीजवळ उभी राहून म्हणाले, "पप्पा, सॅकमध्ये पुस्तकं नसतात. मी मुद्दाम वजन घेऊन चालते."

ते हसले. "ओझं कुणी मुद्दाम वाहतं व्हय? माझ्या पायांसाठी खोटं बोलू नको."

मी सॅक आणून त्यांच्यासमोर रिकामी केली. तीन पिशव्या फरशीवर आल्या. आई स्वयंपाकघरातून बघत होती. "ही हितं हाय व्हय," ती म्हणाली. "मी आपली रोज डब्यात वाकून बघतीय, एवढी ज्वारी खाल्ली कुणी म्हणून."

पप्पांनी एका पिशवीत हात घातला.

"कुणाला द्यायचीय?"

"कुणाला नाही. न्यायची आणि परत आणायची."

त्यांनी मूठभर ज्वारी उचलून परत पिशवीत सोडली. "गावाकडं केमला असताना मी डोक्यावर दळण घेऊन जायचो. तुला तसलं काय करायला लागू नये म्हणून इंग्लिश मीडियमला घातलं." रागाचा सूर नव्हता. समजत नाही म्हणून विचारावं तसं म्हणाले. "मिलिटरीत जायचंय का?"

"नाही."

"मग?"

मी चादरीची घडी घालत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ते स्कूटरवर जाऊ लागले. मी चालू लागले. स्पर्धेला दहा दिवस राहिले होते, तेही घरात सांगून टाकलं.

स्पर्धेच्या रविवारी पहाटे मी बूट घालून बाहेर आले तर पप्पा स्कूटर काढून उभे होते. मोडनिंबपर्यंत त्यांनीच सोडलं. तिथं काट्यावर सॅक सोळा किलो भरली. आईनं वर दशम्या ठेवल्या होत्या. "जास्त होतंय, काढा," काट्यावरचा माणूस म्हणाला. मी काढल्या नाहीत.

पप्पा घरी गेले नाहीत. सर्व्हिस रोडनं पुढं जाऊन एखाद्या झाडाखाली थांबायचे. मी दिसले की दुसरीकडे बघायचे, आणि मी जवळून गेले की पुन्हा गाडी सुरू करायचे. वीस किलोमीटर बरे गेले. मग मोठ्या बुटात टाच वरखाली घासायला लागली. एकतिसाव्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलापाशी मी बूट काढला. मोजा टाचेला चिकटला होता. टेबलावरच्या बाईंनी पट्टी बांधली. "अजून तीन तास आहेत," त्या म्हणाल्या, "बघा, जमतंय का."

मी उभी राहिले. दहा पावलं टाकली. दुसऱ्या पायाचा गुडघाही वाकेना. मी ते तीन आठवडे स्कूटरवर बसले नसते तर, असं मनात आलं आणि मी ते मनातच ठेवलं. परत जाऊन बाईंना छातीवरचा नंबर काढून दिला.

पप्पा टेबलाच्या पलीकडे थांबले होते. काका सरकायचे तसे पुढं सरकले. मी बसले.

"सॅक पुढं दे की."

"असू दे."

नऊ किलोमीटर लगेच संपले. शेवटच्या ठिकाणी कापडी कमान होती आणि एका माणसासाठी टाळ्या वाजत होत्या. पप्पांनी वेग कमी केला.

"थांबवू?"

"नको."

गल्लीत शिरलो तेव्हा काका दारात उभे होते. मी अजून सॅक पाठीवरच ठेवली होती.

"रविवारी पण लायब्ररी?" त्यांनी विचारलं.

पप्पांनी स्कूटर स्टँडला लावली. "व्हय," ते म्हणाले.