चवळी-भाताची जागा

फ्रँकफर्टमधल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक सामायिक खोली आहे. वरच्या मजल्यावरची घानाची नर्स आणि तिचा जमैकाचा नवरा महिन्यातून एका शनिवारी तिथे सगळ्यांसाठी जेवण मांडतात. ती ज्वारीच्या पानांबरोबर शिजवलेला लालसर चवळी-भात करते, तो नारळाच्या दुधातला राजमा-भात. कुणाचा चांगला झालाय यावरून दोघं चारचौघांत भांडतात. पुण्याहून आलो तेव्हा आम्हाला इथे कुणी ओळखत नव्हतं. शेजाऱ्यांची नावं मला त्या जेवणात कळली.

म्हणून आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या जेवणाला मी दोघांना बोलावलं. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा होता. "मांस-मासळी नको," एवढंच मी सांगितलं होतं. चवळी-भाताबरोबरची सुक्या मासळीची चटणी तिने केलीच नाही, आणि भलंमोठं पातेलं ट्रामने घेऊन आली.

थोड्या वेळाने बघतो तर टेबलावर पातेलं नाही. ते कोट ठेवायच्या खोलीत, बाकाखाली सरकवलेलं.

"वहिनी, हे इथे कुणी ठेवलं?" मी कमिटीतल्या वहिनींना विचारलं.

"अहो भावजी, भात व्हेज असेल हो. पण भांडं? त्यात आधी काय काय शिजवलं असेल! आज ज्येष्ठ मंडळी आलीत."

"ज्येष्ठांपैकी कुणी विचारलं?"

"विचारायची वेळ कशाला आणायची?"

शेजारी उभे असलेले मंडळातले दोघे माना डोलवत होते. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये हेच दोघे चीज-सँडविच घेतात, ते भाजतात त्याच तव्यावर सॉसेज परतलेले असतात. तिथे तव्याची चौकशी नाही! माझं डोकं सणकलं. आणि तरीही मी म्हणालो काय, तर "बरं, बघू नंतर." हे लिहितानाही स्वतःची चीड येते. मग त्या कोटांच्या गर्दीत उभ्या-उभ्या मी एकट्याने दोन घास खाल्ले, जणू त्याने भरपाई होणार होती.

आमची घानाची शेजारीण दारात उभी होती.

"कीव करून खाऊ नकोस," ती जर्मनमध्ये म्हणाली. "आम्ही इथे पाहुणे आहोत की नाही, ते सांग. नसू, तर मी पातेलं घेऊन घरी जाते."

मी पातेलं उचललं आणि मसालेभात आणि बटाट्याच्या भाजीच्या मध्ये आणून ठेवलं. वहिनी पुढे आल्या.

"या पातेल्यातलं मी दर महिन्याला जेवतो, वहिनी. तुम्हाला हे चालत नसेल तर आमच्या घरचं श्रीखंडही घेऊ नका."

त्या बाजूला झाल्या. तिने डाव हातात घेतला आणि वाढायला उभी राहिली. बरेच जण तिच्यापुढे थांबून भात घेऊन गेले, काहींनी दुसऱ्यांदा घेतला. तिचा नवरा मला म्हणाला, "माझा असता तर एव्हाना संपला असता."

पण कँटीनवाले दोघे तिच्यासमोर आले, हसले, आणि "नको, पोट भरलंय" म्हणून पुढे सरकले. अजून काहीच न वाढलेली, रिकामी ताटं हातात धरून.