भस्माचे तीन पट्टे आणि दादाचं तोंड

तुमच्या गच्चीचा जिना, गोठ्याचं फाटक, ट्रॉलीचा आकडा ज्यानं जोडून दिला, त्याच्या तोंडाची साल निघाली होती का, हे तुम्ही पाहिलं होतं का? खरं सांगा. मीही पाहिलं नव्हतं, आणि तो माणूस तर माझा सख्खा भाऊ आहे. रोज माझ्यासमोर बसून भाकरी मोडतो. मी मात्र जगातल्या समस्त कामगारांसाठी घसा कोरडा करत हिंडत होते.

यात दोष आमच्या घराचा. बाबा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात हमाल. घरात पुस्तक एकही नव्हतं, पण पत्रकं ढिगानं. मोर्च्याची, संपाची, सभेची. गुलाबी, पिवळी, हिरवी. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. पहिलीत बाई म्हणाल्या, एक वाक्य सांग, तर मी उभी राहून खणखणीत म्हणाले, "आमच्या मागण्या मान्य झाल्याच पाहिजेत!" बाईंनी मला खाली बसवलं. मी अजून नीट बसलेले नाही. याच घरात समोरच्या भिंतीवर महादेव. अंघोळ झाली की बाबा आणि दादा दोघंही कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे ओढतात, चांगले जाडजूड. महादेव आणि मोर्चा आमच्याकडं एकाच पत्र्याखाली नांदतात, भांडण नाही.

दादाचं वेल्डिंगचं दुकान ताडकळसच्या बाजाराच्या रस्त्याला. ऊसतोडीच्या टोळ्या निघायची वेळ जवळ आली, की गावोगावचं मोडकं लोखंड एकाच आठवड्यात जागं होतं. कुणाचा आकडा तुटलेला, कुणाची दांडी वाकलेली, कुणाच्या ट्रॉलीचा फाळकाच गायब. यंदा नेमक्या त्याच आठवड्याच्या रविवारी वालूरला दादाचा साखरपुडा ठरला होता. मुलगी कपडे शिवते, स्वतःची मशीन आहे, आणि तिनं फोटो पाहून चक्क "बरा हाय" असं म्हटल्याचा निरोप आला होता. या दोन शब्दांवर दादा पंधरा दिवस तरंगत होता. वेल्डिंग करताना शिट्टी वाजवायचा.

सोमवारी संध्याकाळी तो घरी आला आणि मी उंबऱ्यातच बसकण मारली. हसून हसून उठता येईना. डोळ्यांभोवती चष्म्याचे दोन फिकट गोल. कपाळावर तीन फिकट पट्टे. बाकी सगळं तोंड पिकल्या मिरचीसारखं लाल. शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती, तेवढा गळ्यावर लाल त्रिकोण. 

"हसू नको, पुढारीणबाई," दादा म्हणाला. "लय आग व्हायलीय. पाणी लावलं तरी झोंबायलंय."

तेव्हा माझं हसू थांबलं. दिवसभर त्यानं नुसता काळा चष्मा लावून काम केलं होतं.

आईनं त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि ओरडली, "आगं बघ, बघ! जिथं भस्म हाय तिथं कायबी झालं न्हाई. महादेवानं राखलं गं माझ्या लेकराला!"

"महादेवानं कपाळच राखलं?" मी म्हणाले. "गालांनी काय घोडं मारलं होतं त्याचं?"

"गालाला कुठं भस्म लावलं होतं ह्यानं?"

एवढ्या सभा ऐकल्या, पण या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच वक्त्यानं दिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला डॉक्टरकडं नेलं. रात्री दादानं गालाला टूथपेस्ट फासली होती, ती आधी डॉक्टरांनी धुवायला लावली. मग म्हणाले, "ऊन लागून कातडी पोळते ना, तसंच आहे हे. वेल्डिंगच्या उजेडात न दिसणारे किरण असतात. ठिणगी अंगावर पडायची गरज नाही, नुसता उजेड पडला तरी पोळतं. आणि सूर्य लांब असतो, हा तर तुमच्या नाकासमोर हातभर अंतरावर. चष्म्यानं फक्त डोळे वाचले." मलम दिलं, गार पाण्याच्या पट्ट्या सांगितल्या, आणि उठता उठता म्हणाले, "वर्षानुवर्षं असंच पोळत राहिलात तर नुसती साल निघून भागणार नाही. कातडीचे वाईट आजारही होऊ शकतात. चार दिवस काम बंद, आणि पुढं तोंड-गळा पूर्ण झाकल्याशिवाय वेल्डिंग करायचं नाही."

दादानं मान डोलावली. चार दिवसांऐवजी तो एक दिवस घरी बसला. बुधवारी दुपारी मी डबा घेऊन दुकानावर गेले तर बाहेर गर्दी. आत शिरले. दादानं आईचा पुरावा आणि डॉक्टरांचा सल्ला एकत्र करून तोंड झाकलं होतं. भस्मानं. कपाळ, गाल, नाक, कान, गळा, सगळं पांढरं. वर काळा चष्मा. हातात होल्डर, समोर निळा लखलखाट. साक्षात कैलासावरून कुणीतरी आकडा जोडायला उतरलं होतं.

एक म्हातारी मोडकी लोखंडी बाज घेऊन आली होती. तिनं आधी हात जोडले, मग पिशवीतून दोन केळी काढून दादाच्या पायाशी ठेवली.

"आजी, मी वेल्डर हाय," दादा म्हणाला.

"असू दे, बाबा," म्हातारी म्हणाली. "बाज तेवढी मजबूत कर."

दादानं केळी खाल्ली आणि बाज जोडली. मी बाहेर येऊन एका रिकाम्या ड्रमवर चढले. "बंधूंनो," मी सुरू केलं, "कामगाराचं तोंड हे कामगाराचं स्वतःचं आहे! ते तुमच्या घाईसाठी भाजलं जाता कामा नये!" लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक ट्रॉलीवाला म्हणाला, "ताई, ते सगळं बराबर हाय. माझा आकडा आज मिळंल का?"

मी तिथंच एक पत्रक लिहिलं, झेरॉक्स काढून वाटलं. संध्याकाळी शेजारच्या गाड्यावर त्यातच भजी बांधून मिळत होती. मीही घेतली. चांगली होती.

तोवर दादाच्या तोंडावर घामाचे ओघळ उतरले होते आणि ओघळांबरोबर भस्मही. जिथं जिथं वाट झाली तिथं उजेड पोचला. शिवाय खाली चकचकीत नवा पत्रा अंथरलेला, त्याच्यावरून उजेड उलटा उसळून हनुवटीखाली लागला. घरी आला तेव्हा आधीच्या लालीवर आणखी गडद रेघा. वाघ म्हणावं तर वाघ, भोपळा म्हणावं तर भोपळा. रविवारला चार दिवस उरले होते.

"भस्म पातळ पडलं," आई हळहळली. "उद्या जरा जाड लाव."

त्या रात्री मी ठरवलं की भाषण नाही, पुरावा. गुरुवारी मी डाव्या हातावर तीन पट्टे ओढले. मनगटाकडं भस्म. मध्ये ज्वारीचं पीठ पाण्यात घट्ट कालवून. कोपराकडं माझ्याच पत्रकाची घडी, दोऱ्यानं बांधलेली. तोंडापुढं दादाची हातात धरायची शील्ड धरली आणि त्याच्या शेजारी तासभर बाही वर करून बसले. तो तोंडाला जाड दस्ती गुंडाळून, वर चष्मा लावून काम करत होता. म्हणजे शील्ड बघ्याकडं आणि वेल्डर रुमालावर. हे तत्त्वात बसत नव्हतं, पण मला चेव चढला की तत्त्वं थोडी मागं राहतात. तुम्ही हा मूर्खपणा करू नका. मी केलाय, तुमच्या वाटचाही.

संध्याकाळपर्यंत हात लालबुंद, आणि त्यावर तीन फिकट पट्टे. तिन्ही सारखे. मी चुलीपाशी जाऊन हात आईसमोर धरला.

"हे भस्म. हे पीठ. हे पत्रक."

आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि हात निरखला. "पिठाला बी?"

"पिठाला बी."

"आन् ह्या कागदाला?"

"कागद वाचवणारच," खाटेवरून बाबा म्हणाले. "त्याच्यावर मागण्या हायत."

आई तव्याकडं वळली. भाकरी उलटली, फुगली, उतरवली. मग म्हणाली, "म्हंजी आड जाड कायबी आलं की भागतंय. मंग ते लोखंडाचं टोपडं घाल की रे! भस्म लाव आन् वरून टोपडं घाल. दोघं मिळून बघतील."

मी आईला मिठी मारली आणि पोळलेला हात तिच्या खांद्याला घासून स्वतःच किंचाळले.

"टोपडं" म्हणजे डोक्यावर चढवायचं वेल्डिंगचं हेल्मेट. पुढं काळी काच, हनुवटीखालपर्यंत झाकणारं. ते दुकानात होतंच! खुंटीला उलटं टांगलेलं, आत नटबोल्ट भरलेले. डोक्याला आवळायचा पट्टा दोन वर्षांपूर्वी तुटला होता. म्हणजे तालुक्यातलं प्रत्येक तुटलेलं बिजागर जोडणाऱ्या माणसानं स्वतःचा पट्टा जोडला नव्हता.

"का?" मी विचारलं.

दादा पहिल्यांदा चिडला. "तुला काय जातंय इचारायला? एका हातात होल्डर, दुसऱ्या हातानं लोखंड धरायचं. शील्ड धरायला तिसरा हात आणू कुठून? टोपड्याचा पट्टा बसवायला अर्धा तास लागंल. तो अर्धा तास देतंय का कुणी? समोर गाडी चालू ठेवून हॉर्न वाजवायलेत."

बाबा उठले. मोंढ्यात पोत्याखाली डोक्याला बांधायची त्यांची जुनी कापडी पट्टी काढली, दादाला म्हणाले, चल. दोघांनी शुक्रवारी सकाळी दुकान अर्धा तास उशिरा उघडलं. हॉर्न वाजत होते. पट्टा बसला. मान खाली झटकली की हेल्मेट टपकन तोंडावर येऊ लागलं. दादा दिवसभर उगाचच झटकत होता, कोंबड्यासारखा.

रविवारी आम्ही वालूरला गेलो. तोंडाची साल निघायला लागली होती. गालावर नवी कातडी, मध्ये जुन्या रेघा, कपाळावर अजून तीन पट्टे. आणि माझ्या हातावर तीन. मुलीची मावशी आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघून आमच्या आईला म्हणाली, "तुमच्यात असं गोंदायची रीत हाय का?"

आईनं पाण्याचा पेला तोंडाला लावला तो खाली ठेवेचना. दादा जमिनीकडं बघत होता. पंधरा दिवसांचं तरंगणं त्या सतरंजीवर आपटलं होतं. "बरा हाय" हे शब्द परत घेतले जातील, असंच त्याला वाटत होतं; मला नंतर त्यानंच सांगितलं.

मुलगी आली, बसली, आणि मान वर करून तिनं सरळ त्याच्याकडं पाहिलं.

"वेल्डिंगनं झालं का?" तिनं विचारलं.

"हो," दादा म्हणाला. "तोंड झाकलं न्हाई. आता टोपडं दुरुस्त केलंय."

"गळ्याचं काय? टोपडं गळ्यापर्यंत येतंय का?"

"गळा... उघडाच राहतोय."

ती उठली, आत गेली. मावशीनं कपाळाला हात लावला. मला वाटलं, संपलं. मुलगी परत आली ती गळ्यात शिवणकामाची टेप अडकवून. सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर दादाच्या पुढ्यात बसली आणि त्याच्या हनुवटीपासून छातीपर्यंत माप घेतलं. तिचे वडील छताकडं बघू लागले. बाबा खो खो हसायला लागले.

"जुन्या जीनचं जाड कापड हाय माझ्याकडं," ती म्हणाली. "टोपड्याला खालून लावायला झालर शिवते. नायलॉनचं चालत न्हाई, ठिणगीनं चिकटतंय. आन् वन्सं," हे मला, साखरपुड्याआधीच, "तुमी लक्ष ठेवा. लग्नाच्या फोटोत मला एकाच रंगाचा नवरा पाहिजे."

मी उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मागणी मान्य!" सगळी बैठक हसली. दादा तर इतका लाजला की नव्या कातडीचा आणि जुन्या कातडीचा रंग एक झाला.

आता झालर आलीय. दादा हेल्मेट घालतो, गळ्याचं बटण लावतो, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घालतो. पण परवा एक मुकादम आला, गाडी चालूच, म्हणाला, "आरं एकच टाका मार. दोन मिनिटाचं काम, कशाला ते नाटक चढवतो?" दादाचा हात खुंटीकडं गेला नाही. खिशातल्या चष्म्याकडं गेला. मी तिथं होते म्हणून तो हात मागं आला. मी रोज तिथं नसते. लग्न हंगाम संपल्यावर आहे, आणि तोवर असे "एकच टाका" शेकड्यानं येणार आहेत. डॉक्टरांनी सांगितलेली वर्षानुवर्षं अशीच भरतात, दोन-दोन मिनिटांनी.

म्हणून हे पत्रक तुमच्यासाठी. भजी बांधायच्या आधी वाचा. पुढच्या वेळी वेल्डरकडं गेलात की गाडी बंद करा. त्याला तोंड आणि गळा झाकू द्या, तुम्ही पाठ फिरवून लांब उभे राहा. त्याच्याकडं हेल्मेट नसेल, तर "घाई नाही, तुमी आधी टोपडं आणा, मी उद्या येतो," असं म्हणा. आणि खरंच उद्या या.